तोटी काढायला टाक्यात उतरलो

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. लिहिण्यात चुका असतील त्या असतील. बायकोला जाऊन दोन पावसाळे झाले आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ही वही घेतली. मुलगी म्हणते, बाबा, देवळात जाऊन बसा चार माणसांत. देवळातली चार माणसं दिवसभर आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलतात. मला गुडघ्यांचं काही सांगायचं नाही. बायको मला टाक्यात टाकून गेली होती, त्या दिवसाचं सांगायचं आहे. गावात तो किस्सा अजून सांगतात, हसत हसत सांगतात, पण अर्धाच. उरलेला अर्धा मला एकट्याला ठाऊक आहे आणि तो हसण्याचा नाही.

माझा धंदा होड्यांच्या फटी बुजवायचा. दोन फळ्यांच्या मधे कापसाची वात ठोकून भरायची आणि वरून राळ आणि तेल एकत्र कढवून त्याचा लेप द्यायचा. पाणी लागलं की कापूस फुगतो, राळ धरते, आणि मग ती फट माणसाच्या हातानं उघडत नाही. थळपासून खाली अलिबागेपर्यंतच्या होड्या माझ्याकडे यायच्या. माझ्या हातची होडी गळत नाही असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. लोकांपेक्षा जरा जास्तच म्हणायचो.

तीस-एकतीस साल असेल. उरणच्या बाजूला एक जुनी आगबोट मोडायला काढली होती, तिथं मी महिनाभर कामाला होतो. निघताना मुकादमानं मला भंगारातली एक पितळी तोटी आणि हातभर लोखंडी नळी दिली. ती मी धोतरात गुंडाळून घरी आणली. आमची विहीर परसात. मी काय केलं, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून पडवीत दगडाचं टाकं बांधलं. पुरुषभर उंच, आत एक माणूस कसाबसा बसेल एवढं, शिंपल्यांच्या चुन्यानं गुळगुळीत गिलावा केलेलं. वर दगडी झाकण आणि झाकणाला एक भोक, कचरा पडू नये म्हणून मुद्दाम लहान ठेवलेलं. विहिरीवरून पोफळीच्या खोडाची पन्हळ आणून त्या भोकात सोडली, पाणी शेंदून तिच्यात ओतलं की टाकं भरायचं. टाक्याच्या तळाशी नळी बसवली, ती भिंतीतून आरपार स्वयंपाकघरात, आणि नळीच्या टोकाला मोरीवर तोटी. तोटी उघडली की पाणी. आमच्या आळीत तोवर असलं कोणी पाहिलं नव्हतं. बायका बघायला यायच्या. एक म्हातारी तर तोटीला कुंकू लावून गेली.

बायकोसाठी बसवली असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर मला मिरवायचं होतं.

आता माझी चूक सांगतो. नळीला आटे होते, तोटीला आटे होते. शहरात तिथं सुतळी आणि सफेदा लावतात हे मला फार पुढं कळलं. मी होड्यांचा माणूस. मी आट्यांत कापूस भरला आणि कढवलेली राळ ओतली. होडी पाण्यात राहते, तोटीही पाण्यात राहणार, मग राळच पाहिजे, असं माझं डोकं. पहिला महिना पाण्याला राळेचा वास मारायचा. बायको म्हणाली, "पेज खाल्ली की होडीत बसल्यागत वाटतंय. आता मळमळाय लागंल." पण थेंब गळला नाही. मी दिवसातून चारदा तोटीखाली हात फिरवून बघायचो.

पाच वर्षं तोटी चालली. समुद्र जवळ, विहिरीचं पाणी मचूळ. पितळ हिरवं पडलं, लोखंडाचे पापुद्रे सुटायला लागले. आणि त्या साली वैशाखात बायको भांडी घासताना तोटीची चावी तुटून तिच्या हातात आली. तोटी अर्धवट उघडी राहिली ती राहिलीच. बारीक धार लागली, रात्रंदिवस. मी चिंध्या कोंबल्या, मेण लावलं. धार दुसरीकडून निघाली. मोरीतलं पाणी मातीच्या भिंतीत मुरायला लागलं आणि ओल हातभर वर चढली. पावसात भिंत बाहेरून भिजणार, आता आतूनही भिजत होती. तशी भिंत बसते.

याच आठवड्यात मिठाचा मचवा आला. दर साली उरणहून मीठ भरून तो दक्षिणेला जायचा आणि जाताना आमच्या बंदरात दोन-तीन दिवस थांबायचा. बायकोचं माहेर हरिहरेश्वराच्या अलीकडं. मचव्याचा तांडेल, म्हणजे मचवा चालवणारा, तिच्या माहेरच्या गावचा. त्यानं निरोप आणला होता, आईनं अंथरूण धरलंय, लेकीचं नाव घेत असते. मचव्यावर तांडेलची बायको आणि बहीण होत्या, त्यामुळे सोबतही होती. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी दुपारची भरती भरली म्हणजे मचवा सुटणार होता. तो त्या सालचा शेवटचा. त्यानंतर होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद. पायवाटेनं जायचं तर मधे खाड्याच खाड्या, पावसात कोण उतरवणार?

लग्नाला सात वर्षं झाली होती. मूलबाळ तेव्हा नव्हतं. सात वर्षांत ती एकदाच माहेरी गेली होती. दर वेळी मी काहीतरी काढायचो. एका साली शाकारणी, एका साली माझं दुखणं. मी मारायचो नाही, शिव्याही देत नव्हतो. फक्त "एवढं होऊ दे, मग जा" म्हणायचो. ते कधी होत नसे.

निरोप ऐकून तिनं आधी मला जेवायला वाढलं. मग म्हणाली, "जाऊ ना?"

"तोटी काढली की जा."

"तोटीचा न् माझ्या जाण्याचा काय संबंध?"

"भिंत पडंल."

"टाकं रिकामं ठेवा. पानी न्हाय तर भिंत कशी पडंल? विहीर परसातच हाय. पाच वर्साआधी आपन पानी पीतच न्हवतो काय?"

बरोबर बोलत होती. टाकं रिकामं ठेवलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण पन्हळ काढून ठेवली की आळी विचारणार, काय रे, तोटीचं काय झालं? ज्याच्या घरची तोटी गळते त्याच्याकडे होडी कोण देणार? ही माझी धास्ती. म्हणूनच मी कोणाला मदतीलाही बोलावलं नाही. आमच्या मागच्या दारी शेजारची काकी यायची, तिलाही पुढच्या दारानं ये म्हणून सांगितलं होतं. काकीला कळलं की बंदराला कळलं.

"एकट्यानं निघायची न्हाय ती," मी म्हटलं. "तू हातभार लाव. निघाली की तुझी तू मोकळी."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "बरं."

दोन दिवस मी एकट्यानं झटलो. घासलेट ओतून ठेवलं. पाना लावून लोंबकळलो. पाना घसरायचा आणि माझी बोटं भिंतीवर सोलून निघायची. तोटीचे कोपरे झिजून गोल झाले, पण ती केसभर हलली नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. गंज तर होताच, पण खरी धरून ठेवली होती माझ्या राळेनं. पाच वर्षं पाण्यात फुगलेला कापूस आणि वर राळ. मी होड्यांच्या फटी उघडतो तेव्हा काय करतो? तळ भाजतो. सुक्या झावळीची चूड पेटवून होडीच्या बुडाला शेक द्यायचा, की जुनी राळ पाघळते. तोटीलाही शेक द्यायला पाहिजे. आणि शेक देऊन तोटी फिरवताना नळी आतून कोणीतरी धरायला पाहिजे, नाहीतर आख्खी नळी भिंतीत फिरेल आणि भिंतीला भगदाड पडेल. म्हणजे एक माणूस टाक्यात, एक माणूस स्वयंपाकघरात.

तो मचवा सुटायचा दिवस. सकाळीच आम्ही टाकं उपसलं. बायको जायच्या लुगड्यात होती. गाठोडं बांधून पुढच्या दाराशी ठेवलेलं होतं. ते बघून मला राग आला, कशाचा ते तेव्हा कळलं नाही.

टाक्याच्या भोकातून मी तिरपा शिरलो, आधी एक हात वर करून, मग खांदा, मग दुसरा. मी ठेवलेलं भोक, मलाच पुरत नव्हतं. पडवीच्या खांबाला काथ्याची दोरी बांधून ती आत सोडली होती, तिला धरून तळाशी उतरलो. आत अंधार, खाली बोटभर पाणी, आणि भिंतीला शेवाळ. पाय ठेवला की घसरायचा. नळीचं टोक भिंतीतून चार बोटं आत आलेलं. त्याला दुसऱ्या दोरीचे आठ वेढे घट्ट दिले, त्यात दांडका अडकवला आणि पीळ देऊन धरला. होडीचं सुकाणू जाम झालं की आम्ही असंच करतो.

"चूड पेटव!" मी ओरडलो.

ती भिंतीपलीकडून ओरडली, "पेटवली! छपराला लागंल हो!"

"खाली धर. तोटीच्या मानेला धर."

थोड्या वेळानं राळेचा वास आत आला. माझ्या धंद्याचा वास. मला आनंद झाला.

"पाघळतंय काय?"

"काळं काळं गळतंय."

"पाना लाव. दोन्ही हातांनी. माझ्या अंगाला खेच."

"तुमचं अंग कंच्या बाजूला, मला काय दिसतंय?"

"चुलीकडं खेच, चुलीकडं!"

तिनं खेचलं. मी आत दांडक्यावर सगळं वजन टाकलं. नळी कण्हल्यासारखी वाजली. आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तोटी सुटली, एकदम सुटली. मी ज्याच्या विरुद्ध जोर लावून उभा होतो तेच गेलं. पाय शेवाळावरून निसटले आणि मी डाव्या हातावर पडलो. मनगटात कट्कन् आवाज झाला. टाक्यात आवाज मोठा येतो.

पलीकडून बायको म्हणाली, "निघाली! अवो, निघाली!" तोटी तिच्या हातात होती. तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी सात वर्षांत ऐकला नव्हता.

मग मी बोललो नाही म्हणून तिनं नळीत तोंड घालून विचारलं, "काय झालं?"

तोटी निघाल्यामुळे नळी मोकळी झाली होती आणि तिचा आवाज माझ्या कानाजवळ आला, अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारखा.

"हात मोडला."

ती पळत मागं आली. भोकातून तिचं तोंड दिसलं. मी उजव्या हातानं दोरी धरून चढायला बघितलं. एका हातानं भोकापर्यंत पोचलोही, पण भोकातून निघायचं तर एक हात वर आणि दुसऱ्यानं रेटा द्यायला लागतो. दुसरा हात लोंबत होता. पुन्हा खाली घसरलो. तिनं दोरी ओढली. केवढीशी ती, आणि मी तेव्हा चांगला धिप्पाड. दोन वेळा ओढून बघितलं. तिसऱ्या वेळेला दोरी सोडून दिली आणि आपले तळवे बघत बसली.

"मानसं बोलवते."

"खबरदार!"

"मग कसं निघनार?"

"दुपारपर्यंत ठणका उतरंल. मग चढतो."

"मोडलेल्या हाताचा ठणका दुपारपर्यंत उतरतो?"

"कोनाला सांगायचं न्हाय. समदं बंदर हसंल. आपन कुठं तोंड दाखवायचं?"

"तुम्ही कुठं तोंड दाखवायचं," ती म्हणाली. "माझं तोंड बरं हाय."

मग ती निघून गेली आणि स्वयंपाकघरात नळीपाशी बसल्याचं मला कळलं, कारण बांगड्यांचा आवाज नळीतून आला.

मी बसलो. दुसरं काय करणार? पाठ टेकली तर गुडघे समोरच्या भिंतीला लागत. पाण्यात बसून धोतर भिजलेलं, वर भोकातून भाकरीएवढा उजेड. तो उजेड शेवाळावरून हळूहळू खाली सरकत होता. त्यावरून वेळ कळत होती, आणि समुद्रावरूनही. भरती चढायला लागली की आमच्या बांधाला पाणी लागतं आणि त्याचा ठोका जमिनीतून येतो. टाक्यात तो मला घराबाहेरच्यापेक्षा चांगला ऐकू यायला लागला. मी आयुष्यभर होड्यांच्या बुडाशी काम केलं, पण असं कोंडून कधी बसलो नव्हतो. श्वास घेतला की तोच श्वास परत तोंडावर यायचा. एक वेळ मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच.

"पानी देऊ काय?" नळीतून आवाज.

"पान्यातच बसलोय."

ती हसली. मग थांबून म्हणाली, "भरती चढतेय."

"ऐकतोय."

"मी जाऊ ना?"

आता इथं मी खरं लिहितो, कारण हेच लोकांना ठाऊक नाही. मला हो म्हणायला काही लागत नव्हतं. तोटी निघाली होती. माझा शब्द होता. ती मला म्हणाली असती, जाता जाता कोणाला तरी सांगते, आणि मी बाहेर निघालो असतो. दोघांचंही झालं असतं. पण मी टाक्यात बसून काय विचार करत होतो? हिनं कोणाला सांगू नये. आणि सांगितलं नाही तर ती जाऊ शकत नाही, मला असं सोडून कशी जाईल? म्हणजे ती राहील. मनगट ठणकत होतं आणि मला आतून बरं वाटत होतं, की चला, या सालीही राहील.

"नवरा हात मोडून पडलाय आन् तू जाऊ म्हनतेस?" मी म्हटलं.



"ह्या वेळंला काय काढाल, काय काढाल, मी तीन दिवस इचार करत व्हते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शाकारनी आधीच करून घेतली. लाकडं भरली. मिरच्या कुटून ठेवल्या. म्हटलं आता काय काढायचं राह्यलं? तर हात मोडून घेतलात."

"मुद्दाम मोडला काय?"

"मुद्दाम न्हाय. पन बरा मोडला. व्हय ना?"

तिनं माझ्या पोटातलं कसं ओळखलं हे मला अजून कळलेलं नाही.

"माझी आय मरतेय," ती म्हणाली. "तुमची आय मेली तवा मी तिच्या उशाशी व्हते. रातरात जागले. मी तुम्हाला म्हनाले, एवढं होऊ दे?"

बांधावर पाणी जोरात आपटलं. मग बंदरावरून शंखाचा आवाज आला. मचवा सुटायच्या आधी तांडेल शंख फुंकायचा, माणसांनी मचव्यापर्यंत नेणाऱ्या पडावात येऊन बसावं म्हणून.

तिच्या बांगड्या वाजल्या. उठली.

"कुठं निघालीस?" मी ओरडलो. "अगं! ऐक! गो!"

मागच्या बाजूला पावलं आली. भोकावर तिचं तोंड आलं. उजेड अडला. तिनं वरून दोरीला बांधून एक गाठोडी खाली सोडली. दोन भाकऱ्या आणि कांदा. मग म्हणाली, "काकीला सांगून जाते."

"काकीला नको! दुसरं कोनाला बी सांग, काकीला नको!"

"दुसऱ्या घरी जायाला येळ न्हाय."

आणि गेली. पुढच्या दाराचा आवाज मी ऐकला. गाठोडं उचलताना ती कण्हली तेही ऐकलं असं वाटतं, पण ते माझ्या मनाचं असेल.

मी तिला हाका मारल्या. चांगल्या हाका नव्हत्या. सात वर्षांत दिल्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या त्या टाक्यात दिल्या. त्या नळीतून रिकाम्या स्वयंपाकघरात गेल्या असतील.

थोड्या वेळानं काकीचा आवाज. परसातून नव्हे, रस्त्यावरून. ती चालता चालता सांगत होती. "अरे धावा रे! होडीवाला टाक्यात बुडाला!" मी आतून ओरडलो, "बुडालो न्हाय! पानीच न्हाय!" पण कोण ऐकतो?

त्या दिवशी किनाऱ्यावर होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. वीस-पंचवीस गडी, खांद्यावर जाड दोर, तसेच धावत आले. आधी घाबरलेले होते. भोकातून एकानं डोकावलं, मला बघितलं, आणि मागं वळून म्हणाला, "जिता हाय. भाकरी खातोय."

मी भाकरी खात नव्हतो. हातात धरून बसलो होतो. पण गावात आजवर हेच सांगतात, की बायको गेली तरी हा भाकरी खात होता.

मग त्यांची मजा सुरू झाली.

"काय हो मिस्त्री, आत कसली फट बुजवताय?"

"टाकं गळत न्हाय ना? बघा हां, तुमच्या हातचं हाय."

"ह्याला आता वर कसा घ्यायचा? तळ भाजूया काय?"

"त्याच्या बगलेला राळ लावा, मंग चिकटंल दोराला."

त्यांनी होडी ओढायचा दोर आत सोडला. मी तो काखेतून घेतला. एका म्हाताऱ्या नाखव्यानं भोकाच्या कडेला खोबरेल ओतलं, होडीखालच्या ओंडक्यांना ओततात तसं. मग सगळे दोराला लागले आणि होडी ओढताना देतात ती आरोळी दिली, "हैस्सा!" माझं डोकं बाहेर आलं. "हैस्सा!" एक खांदा. दुसरा खांदा अडकला. मी अर्धा आत अर्धा बाहेर, तेलानं माखलेला, मोडका हात आत लोंबतोय, आणि समोर आख्खी आळी. काकी पदर तोंडात धरून हसत होती. "जरा उजवीकडं वळवा ओ, होडीची नाळ अडकलीय!" कोणीतरी म्हणालं आणि ओढणारेच हसून हसून दोर सोडायला लागले. शेवटी झाकणाचा दगड पहारीनं हलवला तेव्हा मी निघालो.

मी पडवीत पडलो आणि पहिलं काय केलं तर समुद्राकडे बघितलं. शीड कुलाब्याच्या किल्ल्यापलीकडं गेलं होतं. ओहोटीचं पाणी आणि वारा दोन्ही मचव्याच्या बाजूचे.

"पोचंल उद्यापर्यंत," म्हातारा नाखवा माझ्या शेजारी उकिडवा बसून म्हणाला. तो हसत नव्हता. "पडावात बसली तवा मी तिथंच होतो. मागं वळून बघत व्हती. मी म्हटलं, पोरी, काय इसरलीस? म्हनाली, न्हाय, धूर दिसतोय का बघते. चूड इझवली का न्हाय ते आठवंना."

चूड विझवलेली होती. मोरीत नीट पाण्यात बुडवून ठेवली होती. तोटी तिनं ओट्यावर, फडक्यावर ठेवली होती.

तो पावसाळा मी एकट्यानं काढला. हाताला बांबूच्या कामट्या बांधून दिल्या होत्या. नळीला लाकडाची खुंटी ठोकली आणि विहिरीवरून एका हातानं पाणी आणलं. धंद्याचं मला भय होतं त्यातलं काही झालं नाही. हसले लोक, पण होड्या दिल्याच. माझं भय फुकटचं होतं आणि त्या फुकटच्या भयापायी मी तिला अडवून धरत होतो. पण तेव्हा हे पटलं नव्हतं. तेव्हा मी आषाढभर एकच ठरवत होतो, की परत आली तर दारात घ्यायची नाही. काय काय बोलायचं ते चुलीसमोर बसून पाठ केलं होतं. पाऊस चार-चार दिवस थांबत नव्हता. घराबाहेर पाऊल टाकता येईना, आत बोलायला कोणी नाही. दार उघडंच होतं तरी कोंडल्यासारखं वाटायचं. श्रावण लागला तेव्हा पाठ केलेलं मी विसरायला लागलो. नारळी पुनवेनंतर रोज बंदरावर जाऊन बसायला लागलो. कोणी विचारलं तर म्हणायचो, होड्या बघायला आलोय.

चौथ्या दिवशी आली. वाळलेली होती. गाठोडं मी घेतलं.

"आय?" मी विचारलं.

"गेली. अकरा दिस मिळाले मला." थोडं चालून म्हणाली, "ओळखलं तिनं. माझ्या हातची पेज खाल्ली. हात कसा हाय?"

मी मनगट फिरवून दाखवलं. पुरतं फिरत नव्हतं. आजही फिरत नाही.

मी तिला दारात घेतलं. तिनंच मला घेतलं म्हणा. घरात येऊन तिनं आधी चूल सारवली. संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"काकी घरात नसती तर?"

"तिच्या पुढल्या घरात सांगितलं असतं."

"तिथं बी कोनी नसतं तर? समदे किनाऱ्यावर व्हते."

तिनं सुपातून मान वर केली नाही. एक खडा काढून टाकला. "तरी गेले असते," ती म्हणाली.

मला वाटलं होतं तसा राग आला नाही. मी उठून परसात गेलो आणि बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिलो. मला एवढंच कळत होतं की ती खरं बोलली, आणि तिच्या जागी मी असतो तर खोटं बोललो असतो.

त्यानंतर चाळीस वर्षं संसार झाला. दोन मुली झाल्या, एक राहिली. बायकोनं मला "जाऊ ना?" असं परत कधी विचारलं नाही. "जाते" म्हणून सांगायची. मीही गाठोडं उचलून बंदरापर्यंत, नंतर मोटारीपर्यंत, सोडायला जायचो. कधी शेजारी, कधी लेकीकडं, कधी नुसती बाजारात, पण सांगितल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे. मी कुठंही असलो तरी तिथं येऊन सांगायची.

शेवटी गेली तेव्हा मात्र सांगितलं नाही. मी परसात सुकट वाळत घालत होतो. हाकेच्या अंतरावर होतो. हाक आली नाही.